फादर, आमच्या विहिरीचं पाणी अजून गोडं आहे

आदरणीय फादर फ्रान्सिस दिब्रिटो,

२५ जुलै २०२४ ला तुम्ही गेलात. पाऊस कोसळत होता, आमचं बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, काठोकाठ भरलं होतं. हे पत्र त्याच आठवड्यात लिहायला बसले होते, हातून झालं नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी शाळेत होते. गावातल्या विहिरींवर पहाटेच टँकर लागायचे. पाणी बांधकामांवर जायचं. आजी पोहऱ्यातलं पाणी ओंजळीत घेऊन जिभेवर ठेवायची आणि म्हणायची, "मचूळ लागतंय गं." वसईत गोडं पाणी म्हणजे जमिनीत मुरलेला पाऊस. उपसा वाढला की खारं पाणी आत सरकतं. मग पानवेली माना टाकतात, पाठोपाठ केळी. वाडीवाल्यांना हे कोणी शिकवायची गरज नव्हती. पण बिल्डरांसमोर, त्या दहशतीत, बोलायचं कोणी?

तुम्ही बोललात. हरित वसई संरक्षण समितीतून लोकांना एकत्र आणलंत. धर्मगुरूंनी चर्चमधली मिस्सा सोडून मोर्चात कशाला जायचं, असं विचारणारे आमच्यातही होते. आजीचं उत्तर ठरलेलं असायचं: "विहीर देवानेच दिली ना?" चिडलेली पोरं आमच्याही घरात होती. त्यांचा राग तुम्ही अहिंसेच्या वाटेवर धरून ठेवलात, यासाठी मी तुमची जास्त ऋणी आहे. माझा धाकटा काका त्यातलाच एक.

सगळं वाचवता आलं नाही, हे खरं. कितीतरी वाड्यांच्या जागी आज इमारती आहेत, बावखलं बुजली आहेत. पण जे हिरवं उरलंय, त्यात तुमचा वाटा आहे.

आणि मराठी! १९८३ पासून २००७ पर्यंत तुम्ही 'सुवार्ता' मासिक चालवलंत. आमच्या ओटीवर तो अंक यायचा. तुकोबा आणि येशू एकाच घरात सुखाने नांदतात, हे मला तुमच्या लेखणीने दाखवलं. पुढे तुमचं 'सुबोध बायबल' आलं, तेव्हा आमच्या प्रार्थनेची भाषा आणि वाडीतली भाषा जवळ आल्यासारखी वाटली.

२०२० च्या जानेवारीत उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे तुम्ही अध्यक्ष झालात. त्याआधी विरोध झाला, धमक्या आल्या. आम्ही घरी घाबरून होतो. तुम्ही दुखरी पाठ घेऊन गेलात आणि कुणाबद्दल कडवट न होता, जे बोलायचं ते बोललात. त्या दिवशी टीव्हीसमोर बसलेल्या माझ्या आईने डोळ्यांना पदर लावला. आपण मराठी आहोत, हे तिला कधी कुणाला पटवून द्यावं लागू नये, एवढंच तिला हवं होतं.

फादर, यंदाही राजेळीचे घड उतरवले. सोललेली केळी उन्हात ठेवली आहेत, सुकेळी होतील. केळीला पाणी आमच्याच विहिरीचं. आजीसारखं मीही ते जिभेवर ठेवून पाहिलं.

तुमची ऋणी,
वसईतली एक वाडीवाली