माझ्या माळकरी सासूबाईंना जेवू घालणाऱ्या दादांना

भांडारकर रस्त्याच्या गल्लीतील इटालियन रेस्टॉरंटमध्ये त्या शनिवारी आमच्या टेबलावर वाढणारे दादा, यांस सप्रेम नमस्कार.

कार्तिकी एकादशी होऊन चातुर्मास संपल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी आम्ही चौघे तुमच्याकडे जेवायला आलो होतो. लेकीचा पहिला पगार झाला होता आणि आजीला न्यायचे तर याच ठिकाणी, असा तिचा हट्ट होता. तुमचे नाव विचारायचे राहून गेले. पंधरा दिवसांनी पुन्हा आले तेव्हा तुम्ही गावी गेल्याचे समजले, म्हणून हे पत्र असे उघडपणे लिहीत आहे.

सासूबाई ७६ वर्षांच्या आहेत, गळ्यात तुळशीची माळ आहे, अंडेसुद्धा त्यांना चालत नाही. दारातून आत येताच समोर बाटल्यांनी भरलेला बार दिसला आणि त्या उंबऱ्यातच थबकल्या. मला त्यांचा संकोच कळत होता, लेकीचा उतरलेला चेहराही दिसत होता आणि काय बोलावे ते सुचत नव्हते. तेवढ्यात तुम्ही पुढे आलात, "आजी, मागे अंगणात आंब्याखाली टेबल आहे, तिथून हे काही दिसत नाही," असे म्हणालात आणि इटलीत लोक सकाळी उभ्याउभ्या कॉफी पितात त्या जागेलाही बारच म्हणतात, हेही चालता चालता सांगितलेत. त्यांना ते कितपत पटले कोण जाणे, पण त्या तुमच्यामागून निघाल्या.

लेकीने मेन्यूवरचा हिरवा ठिपका पाहून आजीसाठी पेस्टो पास्ता सांगितला, तेव्हा तुम्ही लिहिता लिहिता थांबलात. पेस्टोमध्ये जे पार्मिजानो रेज्जानो चीज किसून घालतात, ते दूध, मीठ आणि वासराच्या जठरातून काढलेले, दूध गोठवणारे रेनेट यांपासूनच करतात आणि किमान १२ महिने मुरवतात. दुधाचे म्हणून बरेच जण ते शाकाहारी समजतात, पण माळकऱ्यांना ते चालायचे नाही, असे तुम्ही हलक्या आवाजात सांगितलेत. तेवढ्यावर न थांबता स्वयंपाकघरातून मोझरेलाचे पाकीट आणून त्यावरची बारीक अक्षरे आम्हाला दाखवलीत, कारण त्यातले रेनेट सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले होते. रिसोट्टोत व्हाइट वाइन पडते, तिरामिसूत अंडे असते, पन्ना कोट्टा प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट होतो, हे सगळे आम्ही न विचारताच सांगितलेत आणि शेवटी आजींसाठी लिंबाचे सॉर्बे सुचवलेत.

दोन वर्षांपूर्वी शहरातल्याच दुसऱ्या एका ठिकाणी मी हाच प्रश्न विचारला होता. "सगळं व्हेजच आहे," असे मान वर न करता उत्तर मिळाले आणि सासूबाईंच्या ताटलीवर भरपूर चीज किसले गेले. त्यात काय होते हे आता कळायला मार्ग नाही. ही शंका मी त्यांच्याजवळ अजून बोललेले नाही. हे पत्र त्यांना वाचून दाखवताना बोलणार आहे. नेमके काय खातो आहोत हे समजणे त्यांच्या लेखी किती मोठी गोष्ट आहे, हे तुम्ही माळेकडे पाहूनच ओळखलेत, याचे मला फार वाटते.

पिझ्झ्याच्या कडेवरचे काळे डाग पाहून "करपला की हो," असे त्या म्हणाल्या, तेव्हा नेपल्सच्या पद्धतीत भट्टी सुमारे ४८५ अंशांपर्यंत तापवतात आणि पिझ्झा ६० ते ९० सेकंदांतच भाजून निघतो, म्हणून भाकरीसारखे डाग पडतात, हे तुम्ही समजावलेत. भाकरीचे नाव निघताच त्यांनी निर्धास्तपणे घास घेतला.

आणि ते सूप! त्यातला ओर्झो पास्त्याचा एक दाणा त्यांनी चमच्यातून बोटावर घेतला, चष्मा वर करून पाहिला आणि "अगं, हे तर गव्हले!" असे म्हणाल्या. तुम्ही नुसते हसून निघून गेला नाहीत. लग्नघरी मुहूर्ताला गव्हले कसे करतात हे तुम्ही विचारलेत आणि आतून कणकेचा सुपारीएवढा गोळा आणलात. त्यांनी चिमटीत कणभर पीठ धरले, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एकदाच फिरवले आणि दोन्ही टोकांना निमुळता दाणा तुमच्या तळहातावर ठेवला. तुम्हाला तो चौथ्या खेपेला जमला. त्यांचे हात आता कापतात, पण त्या क्षणी जराही कापले नाहीत, हे मी जवळून पाहिले. तोवर त्या तुमच्याकडच्या पाहुण्या होत्या; तिथून पुढे जणू त्यांनीच तुम्हाला आपल्या घरचे केले.

तुमचे मनःपूर्वक आभार. सासूबाईंनी रवा भिजवून, उन्हात वाळवून गव्हल्यांचा एक डबा तुमच्यासाठी भरला आहे आणि तो मी कालच तुमच्या काउंटरवर दिला आहे. आधी साजूक तुपावर गुलाबी परतायचे, मग पाण्यात शिजवायचे आणि दूध-गूळ गार झाल्याशिवाय एकत्र करायचे नाहीत, नाहीतर खीर फाटते, असा त्यांचा निरोप आहे.

आपली कृतज्ञ,
त्या आजींची सून