काकूंच्या स्टेम सेलबद्दल

प्रिय सुहास,

काल फोनवर तू गावची जमीन विकायचं बोललास आणि मला काही सुचेना. स्टेम सेलने, म्हणजे ज्यांच्यापासून दुसऱ्या पेशी बनू शकतात अशा मूळ पेशींनी, काकूंचा अल्झायमर बरा होईल असं त्या क्लिनिकवाल्यांनी सांगितलंय म्हणालास. सुहास, ते पैसे भरू नकोस.

आधी पार्किन्सनचं, म्हणजे कंपवाताचं बघ. त्यात मुख्यतः डोपामिन हे हालचालींना लागणारं रसायन बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी जातात. जपानमध्ये तशा पेशी स्टेम सेलपासून तयार करून रोपून पाहिल्या, कारण कुठे घालायच्या ते ठाऊक होतं. अल्झायमरचं तसं नाही. हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या आठवणींच्या भागाच्या आसपास सुरू झालेलं नुकसान पुढे मेंदूभर पसरतं. पेशींबरोबर त्यांचे आपसातले धागेही तुटतात. नवी पेशी ते धागे कुठून आणणार?

क्लिनिकच्या कागदावर ज्या मेसेन्कायमल पेशी (स्टेम सेलचाच एक प्रकार) लिहिल्यात, त्यांच्यापासून नवे न्यूरॉन, म्हणजे मेंदूच्या पेशी बनतील अशी अपेक्षा संशोधकही धरत नाहीत. त्या सूज कमी करणारी द्रव्यं सोडतात, त्याचा उपयोग होतो का हे तपासणं चालू आहे. शिरेतून दिल्या तर बऱ्याचशा फुप्फुसांतच अडकतात. म्हणून कोरियात त्या थेट मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिल्या. २०२१ साली छापून आलेल्या त्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात रुग्ण होते फक्त ९, आणि ताप हा सर्वाधिक दिसलेला त्रास. अमेरिकेतल्या अशाच पेशींच्या चाचणीचे २०२५चे निकाल जरा आशादायक आहेत, मेंदू आक्रसण्याचा वेग कमी झाल्यासारखा दिसला. पण रुग्ण पन्नासेकच, तेही सौम्य आजाराचे. काकू त्या टप्प्याच्या पुढे गेल्यात रे.

गेल्या खेपेला त्या मेथी निवडत होत्या. पानं कचऱ्यात, देठ पातेल्यात. वहिनींनी काही न बोलता पानं उचलून घेतली आणि दुसरी जुडी पुढे ठेवली. काकू तासभर शांत बसल्या. असं सांभाळायला माणूस लागतं, आणि माणसाला पैसे लागतात. जमीन विकायचीच वेळ आली, तर त्यासाठी वीक.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अल्झायमरवर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. क्लिनिकवाल्यांकडे सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीचा नोंदणी क्रमांक आणि नैतिक समितीची मंजुरी लेखी माग. टोलवाटोलवी केली तर पुन्हा त्या पायरीला जाऊ नकोस.

शनिवारी येतो. न्यूरॉलॉजिस्टची फाईल काढून ठेव, आणि दिवसभराच्या बाईंचं काय ठरलं तेही कळव.

तुझा,
विनय