पाणी ओसरल्यावर रेशन पुन्हा द्या

मा. अन्न व नागरी पुरवठा मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सविनय नमस्कार.

कुर्ल्यात मिठी नदीकाठच्या वस्तीत आमचा महिला बचत गट आहे. पाणी भरतं त्या दिवशी इथे सहसा कुणी उपाशी राहत नाही, हे आधी सांगते. मंडळाची पोरं खिचडीचं पातेलं आणतात, मशिदीतून पुलाव येतो, बेकरीवाला पावाच्या लाद्या देतो. ज्यांना माळा आहे ते खालच्यांना वर घेतात आणि एकाच शेगडीवर तीन घरांचा चहा होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हाही वस्त्या तगल्या त्या अशाच.

खरे हाल पुढे असतात. चार दिवसांनी लोक पालिकेच्या शाळेतून घरी परततात, मदतीच्या गाड्या थांबतात, नाक्यावर अजून काम नसतं. तांदळाचा डबा उघडावा तर दाणे फुगून आंबलेले, वर गटाराचा काळा थर. गव्हाची गोणी उचलली की हातातच फाटते.

मग बाई रेशन दुकानात जाते, अंगठा लावते. मशीन दाखवतं, या महिन्याची उचल झालेली आहे. दुकानदाराच्या हातात काही नाही, त्याच्यावर राग काढून उपयोगही नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदयच्या, म्हणजे सगळ्यात गरीब, घराला ३५ किलो. पाच माणसांचं २५ किलो धान्य पाण्यात गेलं, तर पुढच्या महिन्यापर्यंत त्या घराने उधारीवर जगायचं का?

साहेब, ज्या घराचा पंचनामा झाला त्याला त्या महिन्याचं धान्य पुन्हा द्या. पंचनाम्याची यादी त्याच दिवशी शिधावाटप कार्यालयात पोहोचावी आणि मशीनमध्ये दुसऱ्या उचलीची सोय असावी. आज कुठल्याही दुकानातून उचल करता येते, गावचं कार्ड असलेल्या भाडेकरूलाही. मग हे अशक्य नाही. खोटे दावे होतील ही भीती मला मान्य आहे, पण कुणाच्या घरात किती पाणी होतं हे गल्लीला ठाऊक असतं. यादी दुकानाबाहेर लावा.

आणि ओल्या घरात चूल लगेच पेटत नाही. तोवर शाळेची एक खोली, धान्य आणि सिलिंडर बचत गटांना द्या. रांधायला आम्ही आहोत.

पावसाळ्याआधी तसा आदेश काढावा, ही कळकळीची विनंती.

आपली,
बचत गटातील एक सदस्य, कुर्ला