जंगलाच्या नोंदी सरहद्दीपाशी अडू नयेत

महोदय,

आम्लवर्षेमुळे युरोपातील अरण्ये वाळत असल्याच्या भीतीतून १९८५ साली ‘आयसीपी फॉरेस्ट्स’ हा बहुराष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. १६ बाय १६ किलोमीटरच्या जाळीवरील ठरावीक झाडांची दरवर्षी पाहणी होते आणि नोंदी जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे एकत्र केल्या जातात. पाहणीदार दुर्बिणीतून झाडाचा शेंडा न्याहाळतो व पानोळा किती विरळ झाला हे पाच-पाच टक्क्यांच्या टप्प्यांत लिहितो. हा शेवटी नजरेचाच अंदाज असल्याने निरनिराळ्या देशांचे पाहणीदार एकत्र येऊन तीच झाडे जोखतात आणि आपापसांतील तफावत तपासतात, हे मला या पद्धतीचे खरे बळ वाटते. उपग्रह जळालेले जंगल चटकन दाखवतो, झाड कशाने खंगते आहे हे मात्र सांगत नाही.

तरीही राष्ट्रीय वनगणनेतील नमुना-क्षेत्रांचे, म्हणजे झाडे मोजण्यासाठी निवडलेल्या जागांचे, नेमके ठिकाण अनेक देश गुप्त ठेवतात. खासगी वनमालकांच्या गोपनीयतेबाबतची काळजी समजण्याजोगी आहे. परंतु २०१८च्या अवर्षणानंतर स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची साल पोखरणारे भुंगे जर्मनी आणि चेक प्रजासत्ताक अशा दोन्हीकडे फोफावले असताना, किमान संशोधकांना तरी ही माहिती लेखी अटींवर मिळावयास हवी.

– एक वाचक, पुणे