मोडी कागद आणि दप्तराचा शेरा : कर्नाटकच्या कायदामंत्र्यांना खुले पत्र

मा. कायदामंत्री, कर्नाटक राज्य,
सादर नमस्कार.

हिवाळी अधिवेशनाला आपण हलग्याच्या सुवर्ण विधानसौधात येता, तेव्हा सीमाप्रश्नावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलले जाते. माझे मागणे त्या मानाने फारच किरकोळ आहे. त्यासाठी २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागणार नाही.

मी खानापूर-बेळगाव भागात जमिनीचे दावे चालवणारा वकील. इथल्या मराठी घरांतली वाटणीपत्रे, गहाणखते बहुधा १९५६ च्या आधीची, मुंबई राज्याच्या काळातली. त्यातली बरीच मोडीत. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ७, नियम १४ सांगतो की ज्या कागदावर दावा उभा आहे तो दाव्यासोबतच हजर करा. केला की दाखल कागद तपासणाऱ्या कोर्टाच्या दप्तराचा शेरा, म्हणजे हरकत, येतो : भाषांतर जोडा. शेरा रास्तच आहे. म्हैसूरकडून बदलून आलेल्या न्यायाधीशांनी मोडी वाचावी, असे कोण म्हणेल?

पण भाषांतर कोणाचे चालते? एका कोर्टात वकिलाच्या सहीचे चालले. दुसरीकडे नोटरीसमोरचे शपथपत्र मागितले. तिसरीकडे ‘अधिकृत भाषांतरकाराकडून’ असा शेरा पडला. तो अधिकृत माणूस कोण, हे कोर्टाच्या मुख्य कारकुनाला, शिरस्तेदारांनाही सांगता येईना. शेरे दूर होईपर्यंत दाव्याला नंबर नाही, नंबर नाही म्हणून तूर्तातूर्त मनाईचा (निकालापर्यंत जमीन विकू नये अशा हुकमाचा) अर्ज सुनावणीच्या बोर्डावर नाही, आणि तेवढ्या वेळात समोरचा भाऊ सामाईक जमीन तिऱ्हाइताला विकून मोकळा. पक्षकाराला शेऱ्याची खरी किंमत इथे कळते. शिवाय एक शेरा पुरा केला की नवा निघतो, तो वेगळाच.

मोडी वाचणारे आमच्याकडे बोटांवर मोजण्याइतके, बहुतेक निवृत्त मास्तर. दर तोंडी ठरतो, गरज पाहून वाढतो. गंमत अशी की भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ प्रमाणे योग्य ताब्यातून आलेल्या तीस वर्षांच्या कागदावरचे हस्ताक्षर व सही कोर्टाला खरी मानता येते. म्हणजे कागदावर विश्वास ठेवायला कायदा तयार आहे. तो वाचून कोणी द्यायचा, तेवढे ठरलेले नाही.

जबानीचेही तेच. साक्षीदार बाई मराठीत बोलते, नोंद दुसऱ्या भाषेत होते. ती भाषा तिला समजत नसेल तर संहितेच्या आदेश १८, नियम ६ प्रमाणे नोंद तिला तिच्या भाषेत समजावून सांगावी लागते. बेळगावात वकील-कारकून कन्नड, मराठी, इंग्रजी तिन्ही भाषा बोलतात, म्हणून चालून जाते.

नियम उच्च न्यायालय करते, हे मला ठाऊक आहे. पण संहितेच्या कलम १२६ नुसार त्या नियमांना राज्य सरकारची पूर्वमंजुरी लागते, आणि पदे व पैसा तर सरकारचाच. कोर्टाची भाषा बदला, असे मी म्हणत नाही. भाषांतर कन्नडमध्येच देऊ. ते करणाऱ्यांची यादी, पानामागे दर आणि सहीचा नमुना जिल्ह्यातल्या सगळ्या दिवाणी कोर्टांसाठी एकच असावा. निपाणीला चालते ते खानापूरलाही चालावे. हे सगळे फायलिंगच्या खिडकीवर कन्नड, मराठी, इंग्रजीत लावावे. माणसे नाहीत ही सबब नको. महाराष्ट्राचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, आणि कोल्हापूर काही परदेशात नाही. ज्यांना विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील मिळतो, त्यांचा भाषांतराचा खर्चही त्याच खात्यातून निघावा.

पदांची तरतूद येत्या अधिवेशनात पुरवणी मागण्यांत घालावी. ती होईपर्यंत वकिलाच्या सहीचे भाषांतर तात्पुरते दाखल करून घ्यावे, मनाईचा अर्ज त्यावर ऐकावा आणि दप्तराने सगळे शेरे एकाच वेळी कळवावेत, अशी विनंती सरकारने उच्च न्यायालयाला पत्राने करावी.

कळावे,
आपला,
खानापूर तालुक्यातील एक दिवाणी वकील