नोकरी वाळवंटातली, काम तारेखालचं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या करिअर पुरवणीत वन्यजीव संशोधनावर आलेल्या लेखाचा फोटो बाबांनी मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. सोबत उघडी जीप, गळ्यात दुर्बीण आणि मागे वाघ असं चित्र होतं. मी मूळची बार्शी तालुक्यातली. यंदा राजस्थानातल्या जैसलमेर जिल्ह्यात माळढोक पक्ष्याच्या एका संशोधन प्रकल्पावर क्षेत्र-जीवशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाले आहे. शिक्षण आणि प्रवेशपरीक्षांबद्दल लेखात दिलं आहे ते ठीकच आहे. पण तो वाचून ज्यांनी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली असेल, त्यांना हे काम प्रत्यक्षात कसं असतं ते कळलं पाहिजे. आणि इथे जे पाहते आहे, त्यावरून आपल्याकडच्या माळांसाठी मला एक मागणीही करायची आहे.

थरचं वाळवंट म्हणजे नुसत्या वाळूच्या टेकड्या नव्हेत. त्या आहेत, इथे त्यांना धोरे म्हणतात, आणि सम गावाच्या धोऱ्यांवर पर्यटक उंटावर बसून फोटो काढतात. आमचं काम बहुतेक त्यांच्यापासून लांब, गवताळ सपाटीवर आणि मगऱ्यावर म्हणजे मुरमाड माळावर चालतं. सेवण गवताचे ठोंब, मध्ये केर आणि बोरीची झुडपं, लांबवर एखादी खेजडी, म्हणजे आपली शमी. भुरट नावाचं एक गवत आहे, त्याची काटेरी बोंडं मोज्यांत, बुटाच्या नाडीत, पँटच्या शिवणीत जाऊन बसतात. संध्याकाळी चिमटा घेऊन काटे काढत बसणं हाही या नोकरीचाच भाग, पण जाहिरातीत त्याचा उल्लेख नसतो.

आता मुख्य काम. ऊन चढायच्या आत आम्ही तारेला आपटून मेलेले पक्षी शोधायला विजेच्या तारेखाली चालायला लागतो. तारेच्या दोन्ही बाजूंनी नागमोडी चालायचं आणि नजर जमिनीवर ठेवायची. पिसं, हाडं, एखादा पंख, कधी अख्खा पक्षी. सापडला की जागेची नोंद, जात, तारेपासूनचं अंतर, किती दिवसांचा असावा याचा अंदाज. पुष्कळदा काहीच सापडत नाही, आणि त्याचा अर्थ काही मेलं नाही असा होत नाही. कोल्हा, कुत्री, गिधाडं आमच्या आधी येऊन गेलेली असतात. म्हणून आधीच मेलेले पक्षी मुद्दाम ठरावीक जागी ठेवून ते किती दिवस टिकतात आणि शोधणाऱ्याच्या नजरेतून किती सुटतात, हेसुद्धा तपासतात. या हिशेबाशिवाय नुसत्या सापडलेल्या पक्ष्यांच्या आकड्याला अर्थ नाही.

याच पद्धतीने डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने इथे ८० किलोमीटर तारांखाली वर्षभरात सात फेऱ्या केल्या होत्या. सापडले २८९ मृत पक्षी, सुमारे ४० जातींचे. त्यावरून काढलेला अंदाज असा, की थरमधल्या ४,२०० चौरस किलोमीटर क्षेत्रात वर्षाला सुमारे ८४,००० पक्षी तारांमुळे मरतात. माळढोकाचा तोटा यात सगळ्यांत जड. नर १५ किलोपर्यंत भरतो, डोळे डोक्याच्या बाजूंना, त्यामुळे समोरची तार उशिरा दिसते आणि दिसली तरी एवढं धूड वळवायला जागा उरत नाही. मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशभरात उरलेले माळढोक दीडशेच्या आसपास असावेत असा या संस्थेचा अंदाज होता, आणि त्यातले बहुतेक इथेच. अशा वेळी तारेवर गेलेला प्रत्येक पक्षी भरून काढायला किती वर्षं लागतील, ते वाचकांनीच ठरवावं.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये सुमारे ९९,००० चौरस किलोमीटर क्षेत्रातल्या तारा शक्य तिथे जमिनीखाली घ्यायला सांगितलं होतं. मार्च २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली. सौर प्रकल्पांची वीजही तारांनीच न्यावी लागते, म्हणून 'एका पक्ष्यापायी सौरऊर्जा अडली' असं गावाकडे मला ऐकवलं जातं. सौरऊर्जेला माझा विरोध नाही. रात्रीच्या लाइटला बॅटरी घेऊन उसाला पाणी द्यायला जाणारा बाप ज्यांनी पाहिलाय, त्यांना दिवसा वीज मिळण्याचं मोल सांगावं लागत नाही. प्रश्न पॅनलचा कमी आणि तार कुठून न्यायची याचा जास्त आहे. आणि ते ठरवताना तिथे आधीपासून काय राहतं हे कुणीतरी पायी फिरून पाहिलेलं असावं, एवढंच म्हणणं.

इथे ते पाहिलेली माणसं आहेत. आम्ही ज्या ढाणीजवळ म्हणजे वस्तीजवळ राहतो तिथल्या म्हाताऱ्या मेंढपाळांना सगळे बासा म्हणतात. माळढोकाला इथे गोडावण म्हणतात. पहिल्या पावसानंतर गोडावण कुठल्या मगऱ्यावर उतरतो, मादी अंड्यावर बसली की मेंढरं कुठून वळवायची, मेलेली ढोरं कुठे टाकतात आणि म्हणून कुत्र्यांची टोळी कुठे वाढली आहे, हे बासांना तोंडपाठ. माझ्याकडे एम.एस्सी. आहे, त्यांच्याकडे मोबाइलसुद्धा साधा. तरी प्रकल्पाच्या कागदावर मी जीवशास्त्रज्ञ आणि ते 'स्थानिक मदतनीस', रोजंदारीवर. (माझंही पद कंत्राटीच आहे. पुरवणीने हे छापायला हवं होतं: यातल्या बहुतेक नोकऱ्या प्रकल्पापुरत्या असतात, निधी संपला की नोकरी संपते.)

इथल्या ओरणांची गोष्ट तर आपल्या लोकांनी ऐकावी. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेली चराई. झाड तोडायचं नाही, गुरं चरू द्यायची. पण महसुली दफ्तरात अशी पुष्कळ जमीन देवाची नाही, सरकारी म्हणून लागलेली आहे, आणि ती प्रकल्पांना जाऊ लागली. देगराय ओरणच्या लोकांनी त्यासाठी पदयात्रा काढल्या.

हे वाचून कुणाला आपलं गायरान आठवलं तर नवल नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आपल्याकडेही गायरानं आणि सरकारी माळ सौर प्रकल्पांना दिले जात आहेत. सौर प्रकल्पांना केंद्राच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण मंजुरी लागत नाही, त्यामुळे खांब रोवण्याआधी त्या माळावर काय आहे हे बघण्याची सक्ती कुणावरच नाही. लांडगा, खोकड, धाविक, चंडोल हे सगळे गवताळ माळावरचे जीव. माळढोकाबाबत तर आपण एकदा हात पोळून घेतले आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं तेव्हा कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, त्यात गावंच्या गावं आणि पिकाखालची शेतं आली. जमीन विकता येईना, बांधकाम करता येईना, म्हणून लोक पक्ष्यावरच चिडले. पुढे हद्द १,२२२ चौरस किलोमीटरवर आणली. तोवर माळावर ऊस आणि झाडांची लागवड पुढे सरकली होती, पक्षी गेले होते. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर बातमी होते.

म्हणून मागणी अशी. गायरान प्रकल्पाला देण्याचा ठराव ग्रामसभेपुढे येईल तेव्हा जमिनीच्या नकाशासोबत तारेचा नकाशाही मांडावा. त्याआधी किमान एक पावसाळा आणि एक हिवाळा तिथे पायी मोजणी व्हावी. ती करायला पुण्या-मुंबईहून माणसं आणायची गरज नाही. तालुक्याच्या कॉलेजातला जीवशास्त्राचा मुलगा किंवा मुलगी आणि त्या माळावर मेंढरं चारणारा धनगर, अशी जोडी नेमावी आणि दोघांना सारखा पगार द्यावा. खर्च प्रकल्पाच्या किमतीपुढे किरकोळ असेल. आपल्या पुरवणीला करिअरचा विषय हवाच असेल, तर सोलापूर, धाराशिव, अहिल्यानगरमध्ये अशी किती कामं निघू शकतात, यावर एक लेख जरूर करावा.

एखाद्या ग्रामपंचायतीला किंवा कॉलेजला सुरुवात करायची असेल, तर आमच्या मोजणीच्या तक्त्यासारखा एक तक्ता मी मराठीत करून देईन. पत्ता आपल्याकडे आहेच. उत्तराला एखादा आठवडा लागेल, कारण ढाणीवर रेंज नसते.

आपली,
एक वाचक, बार्शी तालुका
(सध्या जि. जैसलमेर, नाव व पत्ता संपादकांकडे)