मुंबईच्या दादांना, एका कबड्डीवालीकडून

दादा,
सप्रेम नमस्कार.

चाकरमानी मे महिन्यात गावी येतो तो फरसाण नि बिस्किटं घेऊन. तुम्ही कोकणकन्येतून कुडाळला उतरलात ते आमच्या फुटबॉलच्या पोरांसाठी शिन गार्डच्या, म्हणजे नडगीवर बांधायच्या कवचांच्या, बारा जोड्या घेऊन. तेव्हा मी नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं आणि पिशवी कपाटात ठेवली. बाकीचं आज लिहिते.

एक गोष्ट तुम्हाला सांगितली नव्हती. गेल्या वर्षीच्या फुटबॉल सामन्यात आमच्या एका पोराने समोरच्या मुलाच्या घोट्यावर थेट झेप घेतली. त्या मुलाची नडगी टम्म सुजली, दोघांनी धरून त्याला बाहेर नेलं. सगळे आमच्या पोराला ओरडले. पण ती झेप त्याला शिकवली होती मीच. मी कॉलेजपर्यंत डाव्या कोपऱ्यावर कबड्डी खेळलेली, घोटा पकड हाडात भिनलेली. ‘खेळाचा तास तुमचाच, फुटबॉलही तुम्हीच बघा,’ असं शाळेत सांगितलं गेलं तेव्हा जे येत होतं तेच शिकवलं. पाय दिसला की घे.

तुम्ही दोन दिवस बांधावर बसून आमचा सराव नुसता बघत होतात. तिसऱ्या दिवशी विचारलंत, “बाई, कोपऱ्यावर असताना तुम्ही चढाईवाली आली की लगेच झडप घालायचात?” छे! लगेच कोण घालतं? ती पाय लांबवते, तोल पुढे जातो, त्या क्षणापर्यंत कोपरा नुसता सरकत राहतो. “मग तेवढंच शिकवा. झडप सोडा, थांबणं ठेवा.” माझाच खेळ तुम्ही मला परत दिलात. खरं सांगते, जरा लाजच वाटली.

पहिला आठवडा बॉल काढून घ्यायलाच बंदी. पोरं वैतागली. समोरच्यापासून जेमतेम दीड हात अंतर, अंग तिरकं, गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर, आपल्या गोलकडची वाट बंद आणि त्याला कडेच्या रेषेकडे ढकलत न्यायचं. डोळे बॉलवर, कारण खांदे-कंबर फसवतात, बॉल फसवत नाही. कोणी अधीर झाला की बांधावरून तुमचा आवाज यायचा, “मेल्या, घाई कित्याक? तो चुकतलो, तू वाट बघ!” आता तर वर्गात कोणी उत्तर द्यायची घाई केली तरी पोरं हेच ओरडतात.

मग समोरासमोरची टॅकल, म्हणजे समोरच्याच्या पायातला बॉल काढून घेणं. दोघांच्या मध्ये बॉल ठेवून, आधी चालत. टेकलेला पाय बॉलशेजारी, घोटा घट्ट, पायाची आतली बाजू बॉलच्या मधोमध आणि अंग बॉलवर झुकलेलं. भीतीने मागे रेलून जो नुसता पंजा पुढे करतो, दुखापत त्यालाच होते, हे तुम्ही माझ्याच पायावर हळूच दाखवलंत. घाबरटपणाने जास्त लागतं हे मला इतक्या वर्षांच्या कबड्डीतही कोणी असं करून दाखवलं नव्हतं.

घसरून केलेली टॅकल तुम्ही सगळ्यात शेवटी घेतलीत, तीही मैदानात नाही. आमचं मैदान म्हणजे जांभ्याचा सडा, एकदा घसरलं की मांडीची साल निघते. म्हणून ओहोटीला किनाऱ्यावर, ओल्या वाळूत, अनवाणी. जमिनीकडचा पाय दुमडलेला, वरच्या पायाने बॉल बाजूला, तळवा कधीच समोरच्याकडे नाही. आणि मागून तर नाहीच. दुसरा इलाज उरला नसेल तेव्हाच, हेही तुम्ही दहादा बजावलंत.

त्यावर एकाने विचारलं, “सर, आधी बॉलला लागला तर फाउल नाही ना?” मलाही तसंच वाटायचं. तुम्ही फुटबॉलचा फाउलबद्दलचा नियम 12 समजावलात: निष्काळजी असेल तर फ्री किक, समोरच्याच्या जिवाची पर्वा न करता घुसलात तर पिवळं कार्ड, अवाजवी जोर लावलात तर लाल. बॉल आधी लागला म्हणून पुढचा आडदांडपणा माफ होत नाही. मग स्टाफरूममध्ये मोबाइलवर 1970 च्या वर्ल्ड कपमधली, इंग्लंडच्या बचावपटू बॉबी मूरने ब्राझीलच्या जेअरझिन्योला केलेली टॅकल दाखवलीत. तो ब्राझीलवाला अंगावर धावून येतोय आणि हा मागे सरकतोय, सरकतोय, आणि मग एकदाच पाय. “हा आमचाच कोपरा,” मी म्हटलं, तर तुम्ही हसलात.

परवा तालुक्याच्या सामन्यात गेल्या वर्षीचा तोच पोरगा उजव्या बाजूला होता. समोरचा विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा, त्याच्याहून वेगवान. याने त्याला हळूहळू पार कॉर्नरच्या झेंड्यापर्यंत नेला, आणि जागाच न उरल्याने विंगरने बॉल स्वतःच बाहेर घालवला. टॅकल झालीच नाही. टाळ्या फक्त मी वाजवल्या. बाजूच्या पालकांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

सामना आम्ही 2-1 हरलो, ते तुम्हाला कळलंच असेल.

गणपतीला याल तेव्हा एक संध्याकाळ ठेवा. शिन गार्डच्या दोन जोड्यांचे पट्टे तुटलेत, ते मी शिवून घेतलेत. पण पाचवी-सहावीच्या पोरांना सगळे मोठे होतात, मोज्यातून खाली घसरतात. लहान मापाचे कुठे मिळतात ते तेवढं कळवा, पैसे आम्ही जमवतो.

तुमची,
शाळेतल्या खेळाच्या बाई